हिरड्यांतून रक्त येते तेव्हा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका दंतवैद्य भगिनीने केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून दातांविषयी काय बोलायचे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. परंतु मला आज एका गैरसमजाविषयी बोलायचे आहे. त्या गैरसमजापायी माझ्या अम्मीचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले.

अम्मी रोज सकाळी मिश्री लावीत असे. चूळ भरली की पाण्यात रक्त दिसे. "उष्णता झाली असेल," असे म्हणून घरातले गप्प बसत. पुढे दात हलू लागले, तेव्हा कोणीतरी ते डॉक्टरकडून साफ करून घेण्यास सुचविले. त्यावर मोहल्ल्यातील बायका म्हणाल्या, "साफ केले की दात ढिले होतात." अम्मी गेली नाही. दात मात्र एकेक करून गेले. मी दंतवैद्यक शिकले, तेव्हा कळले की वेळीच उपचार झाले असते तर त्यांतील बरेच दात वाचले असते.

हा रोग होतो कसा? दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत जमत असतो. तो रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांत त्याचे कठीण कीटण बनते. हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. या अवस्थेत नीट सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले, तर जंतू हिरडीच्या खाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट 1 ते 3 मिलिमीटर असते. ती 4 मिलिमीटर किंवा अधिक झाली आणि रक्तही येत असेल, तर सावध व्हावे. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. हाच आपल्या बोलण्यातला पायोरिया. दुखत नाही म्हणून तो अधिक घातक.

हिरडीखालचे कीटण ब्रशाने निघत नाही, मिसवाकनेही निघत नाही. मिसवाक किंवा ब्रश रोजचा थर काढतो, आणि ते काम मोठेच आहे. पण जमलेल्या कीटणासाठी दंतवैद्याचेच हत्यार लागते. इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, मग यंत्राने व हाताच्या बारीक हत्यारांनी हिरडीखालचे कीटण खरवडून दाताचे मूळ स्वच्छ करतात. बहुधा दोन ते चार बैठकींत हे काम होते. नंतर काही दिवस थंड पाणी झोंबते. त्याची धास्ती घेऊ नये. खिसे फारच खोल असतील, तर छोटी शस्त्रक्रियाही लागते.

आता तो गैरसमज. सफाईने दात ढिला होत नाही. हाड आधीच झिजलेले असते. कीटणाच्या भिंतीने दात एकमेकांना टेकून उभे असतात. भिंत निघाली की लपलेला ढिलेपणा कळतो. सूज ओसरली की दातांत फटीही दिसतात. दोष सफाईचा नव्हे, उशिराचा आहे. गेलेले हाड या सफाईने परत येत नाही, पण उरलेले वाचते. त्यासाठी पुढेही दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर दंतवैद्याला आधी सांगावे. तंबाखू, गुटखा, विडी आणि मिश्री सोडावी. तंबाखूमुळे रक्त कमी येते, त्यामुळे आजार असूनही कळत नाही.

खर्चाची चिंता असेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार माफक खर्चात होतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या देशातील पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी उभारले. अमेरिकेत शिकून आल्यावर ते विद्येचे हे दान देऊन गेले. आपल्यापैकी कोणी या वाटेने जावे, अशी माझी इच्छा आहे. पण त्याआधी एक सोपे काम करा. आज घरी गेल्यावर आईला विचारा, "चूळ भरताना रक्त येते का?" हो म्हणाली, तर "उष्णता असेल" म्हणू नका. तिला दवाखान्यात घेऊन जा. मी अम्मीला हे विचारले नव्हते. विचारण्याइतके ज्ञान तेव्हा आमच्या घरात नव्हते. तुमच्या घरात ते आजपासून आहे.