लेकराला शी-शूची सवय



आज आम्ही तुमच्याशी एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत. गोष्ट लहान, पण घरोघरची आहे. मूल अंगणात शी करते, अंथरुणात शू करते. आई ओरडते. कधी पाठीत धपाटाही बसतो. पोर रडते, पण सवय काही लागत नाही. मग सवय लावायची कशी?

आधी एक ध्यानात घ्या. तान्ह्या बाळाला शी-शू रोखता येत नाही. ती ताकद वयाने येते. बहुतेक मुलांना ती दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येऊ लागते. मूल तयार झाले, हे कसे ओळखावे? चड्डी दोन-दोन तास कोरडी राहते. शी लागली की मूल कोपऱ्यात जाते, चड्डी ओढून दाखवते. 'ये', 'बैस' हे त्याला कळते. मग सुरुवात करावी. शेजारणीचे पोर आधी शिकले, म्हणून घाई करू नये. शेतातले सगळे बी एकाच दिवशी उगवते का?

आपल्याकडे आई पाय लांब करून बसते, पावलांवर बाळाला बसवते आणि 'शूऽऽ शूऽऽ' करते. ही रीत चांगली. बाळाला आधार वाटतो. पुढे जमल्यास बसायचे लहान भांडे आणावे. संडासाच्या भोकाची लेकराला भीती वाटते. म्हणून तिथे नेताना त्याचा हात धरावा.

सकाळी उठल्यावर आणि जेवण झाल्यावर बसवावे. पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात. पाचच मिनिटे बसवावे. शी झाली नाही, तर उठू द्यावे.

हा खेळ झाला पाहिजे. आधी बाहुलीला बसवा, मग लेकराला. चिऊ-काऊची गोष्ट सांगा. शी झाली की टाळ्या वाजवा. 'शाब्बास रे माझ्या वाघा!' म्हणा. भिंतीवर खडूने एक ठिपका काढू द्या. संध्याकाळी बापाने ते ठिपके लेकरासंगे मोजावे. खाऊची गरज नाही. कौतुक पुरते.

आणि मारले तर काय होते? पोर भिते. भिऊन शी दाबून धरते. दाबलेली शी आत कडक होते. मग ती बाहेर पडताना दुखते. दुखले की पोर आणखी दाबते. पोट फुगते, भूक मरते. असे झाले तर पाणी, पालेभाजी, फळे जास्त द्या. शीबरोबर रक्त पडले किंवा पोट फुगून उलट्या झाल्या, तर दवाखान्यात न्या. रात्रीची शू थांबायला पाच वर्षेही लागतात. त्यावरून चारचौघांत लेकराची चेष्टा करू नका.

आता शेवटचे. काही जण म्हणतात, 'लेकराची शी, तिची कसली घाण?' हे खरे नाही. तिच्यातही रोगाचे जंतू असतात. माशी तिच्यावर बसते, तीच भाकरीवर बसते. मग घरात जुलाब सुरू होतात. स्वच्छ भारत अभियान 2014 साली सुरू झाले, आणि गावोगाव संडास बांधले गेले. पण मोठी माणसे संडासात आणि लेकराची शी उकिरड्यावर, असे झाले तर काय उपयोग? ती संडासातच टाका. वर पाणी ओता. भांडे धुवा. मग साबणाने हात धुवा, आपलेही आणि लेकराचेही.

हे काम एकट्या आईचे नव्हे. आई शेतावर गेली, तर बापाने, आजीने, ताईने हीच रीत पाळावी. एकाने गोंजारायचे आणि दुसऱ्याने मारायचे, असे झाले तर लेकरू गोंधळते.

सवय आज ना उद्या लागतेच. पण भीती एकदा बसली, की ती लवकर जात नाही. म्हणून आम्ही म्हणतो, हात उगारू नका, टाळी वाजवा.