डिझायनरकडे जाण्याआधी
(महिला विभागाच्या मेळाव्यातील भाषण)



गणपती-दिवाळी झाली की आपल्या घरांत विषय निघतो, स्वयंपाकघर नवं करायचं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून आपण फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा मोदकपात्र, पुरणयंत्र, पाटा-वरवंटाही बरोबर आला. एरंडेल लावून वर्षाचे गहू भरणंही अनेकींनी सोडलेलं नाही. बडोद्याचा डिझायनर रसोडं सुरेख करून देईल. पण आपल्या घरात काय शिजतं, हे त्याला आपणच सांगायला हवं. म्हणून आधी घरात बसून कागद तयार करूया.

पहिलं, ओट्याची उंची. जी जास्त वेळ उभी असते, तिचं माप घ्यायचं. हात कोपरात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे. साधारण ३२ ते ३४ इंच येतात. कणीक मळायला, पोळ्या लाटायला थोडा खालचा भाग मिळाला तर खांद्यांना आराम.

दुसरं, सामान. सगळे डबे बाहेर काढायचे. वर्षभर न वापरलेलं बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यांपैकी सर्वांत मोठं पातेलं, परात, गव्हाची कोठी यांची मापं लिहायची. ट्रॉल्या त्यानुसार व्हाव्यात.

तिसरं, गॅस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून कपाटाला तळाशी जाळी हवी. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. म्हणून वरून हवा बाहेर जायला वाट हवी. त्याची नळी फर्निचरमागे कायमची बंद करू नये. ओव्हन, मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचे प्लग किती, तेही आधीच ठरवायचं.

चौथं, पैसे. खर्चाची वरची मर्यादा ठरवून त्यातला दहावा हिस्सा बाजूला ठेवायचा. फरशी उखडल्यावर जुने नळ काय दाखवतील, सांगता येत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे मत आधी विचारतात पैसे देणाऱ्याला, मग रांधणारीला, आणि आजीला बहुधा विचारतच नाहीत. तिला फार वेळ उभं राहवत नाही. पण भाजी निवडणं, उकड बरोबर झाली की नाही हे बोटांनी सांगणं, हे तिचंच काम. नव्या स्वयंपाकघरात तिची खुर्ची मावली नाही, तर ती दिवाणखान्यात जाऊन बसते. मग नातवंडं मोदकाची कळी कोणाकडे बघून शिकणार?

यंदा गौरी जेवतात त्या दिवशी लक्ष ठेवूया. ओट्याशी किती जणी असतात, कोण कोणाला कुठे अडतं, पानं कुठे वाढली जातात. रात्री आवराआवर झाली की आजीला जवळ बसवून ते लिहून काढूया. तोच कागद घेऊन डिझायनरकडे जाऊया.

गणपती बाप्पा मोरया!