बैठक म्हणजे समुपदेशन नव्हे

समोर पत्रांचा गठ्ठा आहे आणि निम्म्या पत्रांत एकच प्रश्न. "मॅडम, नवरा-बायकोचं पटत नाही, मांजरसुंब्याच्या आसपास चांगला समुपदेशक कोण?"

मांजरसुंबा फाट्यावर पाटी शोधत उभे राहू नका. बीडला जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर केजमार्गे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात. केसपेपर काढताना 'मानसोपचार' असं सरळ सांगा. तिथं गेलं म्हणजे वेडं ठरलं, असं काही नसतं. जाणं होत नसेल तर 14416 लावा, ही सरकारची टेली-मानस सेवा. मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही, पैसे पडत नाहीत.

'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावतो. शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. स्टँडवरच्या वशीकरणाच्या जाहिरातींवर मी बोलणार नाही, माझं डोकं फिरतं.

आता जे सांगायला आले ते. घरात मारहाण होत असेल, तर नवरा-बायकोला समुपदेशनासाठी एकत्र बसवू नका. पुन्हा सांगते, एकत्र बसवू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. समुपदेशक म्हणून नवीन होते तेव्हा एका जोडप्याला समोरासमोर बसवलं. विचारलं बाईला की उत्तर द्यायचा तो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी म्हणाली, "बरं हाय सगळं." मला वाटलं, मिटलं. आठ दिवसांनी एकटीच आली, हात गळ्यात बांधलेला. मधे एकदा त्याच्याकडे न बघता ती माझ्याशी दोन शब्द बोलली होती, त्याचा राग त्यानं घरी काढला होता. तेव्हापासून मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलते. जो समुपदेशक तसं करत नाही, त्याच्याकडून उठून या.

आणि घरचं भांडण मिटवायला भरवता त्या तुमच्या बैठका! दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल दोघांच्या जिवावर घेतलेली. बाई माहेरी बसली की कोयता मोडला. मग सासरा, मामा जमतात आणि मुकादमही येऊन बसतो. अहो, त्याला उचलीची काळजी, तिच्या पाठीवरचे वळ त्याला कशाला दिसतील? "नांदायला पाठवा" म्हणतात, चहा पितात, उठतात. याला समुपदेशन म्हणू नका.

मारहाण असेल तर आधी 181 ही महिला हेल्पलाइन किंवा 112 हा आपत्कालीन नंबर लावा. त्यानंतर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. समुपदेशनाचं नंतर पाहू.

मारहाण नसेल, नुसता अबोला असेल, सासूचं आणि पैशाचं असेल, तर दोघं जरूर या. पुरुषांनो, तुम्हीही एकटे आलात तरी चालतं.

एका ताईंनी पत्रावर नाव-पत्ता घातलेला नाही. बरं केलंत. ताई, 181 ला फोन शेजारणीच्या मोबाइलवरून करा, आणि झाल्यावर तो नंबर त्यातून पुसायला विसरू नका.