विसराळू सर्व्हर आणि ओळखीचा बिल्ला

नित्य येणाऱ्या गिऱ्हाइकास पेढीवरील कारकून चेहऱ्यावरून ओळखतो. इंटरनेटवर उत्तरें देणाऱ्या सर्व्हर या संगणकास ही सोय नाहीं. ज्या एचटीटीपी संकेतानें तो व्यवहार करतो, त्यांत प्रत्येक विनंती स्वतंत्र मानिली आहे. मागच्या विनंतीची आठवण पुढचीच्या वेळीं राहत नाहीं. मग एकदां सांगितलेला परवलीचा शब्द पानोपानीं पुन्हां विचारला जाऊं नये, ही तजवीज व्हावी कशी?

नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनीं १९९४ सालीं यावर तोड काढली. सर्व्हरनें ब्राउझरास एक चिठ्ठी द्यावी व ब्राउझरनें ती प्रत्येक फेरीस दाखवावी. हीच कुकी. देवळाच्या दारीं जोडे ठेवून बिल्ला घ्यावा, तसाच हा प्रकार. बिल्ल्यावर केवळ क्रमांक असतो; त्या क्रमांकाखालीं आंत जपलेली आठवण म्हणजे सेशन. बिल्ला चोराच्या हातीं पडला, तर चोरच धनी ठरतो.

संकेतस्थळें रचणारे बहुधा फ्रेमवर्क नांवाचा तयार सांगाडा वापरतात. त्यांपैकीं फ्लास्क या सांगाड्याची मूळ रीत निराळी आहे. तेथें मजकूर चिठ्ठीवरच लिहून गुप्त किल्लीनें त्यावर मोहोर करतात. मोहोरेमुळें मजकूर बदलल्यास तें तात्काळ उघडकीस येतें. वाचतां मात्र तो कोणासही येतो. म्हणून गुपित त्यांत लिहूं नये.

सर्व्हरपुढें एकाच वेळीं शेंकडों विनंत्या असतात. कोणी काय मागितलें, याचें प्रत्येकीचें वेगळें दप्तर फ्रेमवर्क उघडतें आणि उत्तर जातांच मिटतें. यास विनंतीचा संदर्भ म्हणतात. दप्तरांची सरमिसळ झाली तर काय होतें, हें २०२१ सालीं गिटहब या प्रसिद्ध स्थळीं दिसलें. एका विनंतीचें काम मागें रेंगाळलें असतां तिचेंच दप्तर पुढच्या विनंतीस दिलें गेलें, आणि क्वचित् एकाचें सेशन दुसऱ्याच्या ब्राउझरांत पोंचलें. असे प्रकार एकंदर सेशनांच्या ०.००१ टक्क्याहूनही कमी होते. तरीही ८ मार्च रोजीं कंपनीनें तोंवरचीं सर्व सेशनें रद्द करून सर्वांस पुन्हां प्रवेश करावयास लाविलें. तें योग्यच झालें. कारण परक्याच्या घराचें दार एकदांही उघडणें क्षम्य नव्हे.

तात्पर्य, यंत्रास स्मरण देणें हें अर्धेंच काम होय. काम संपतांच नेमकें विसरावयास लावणें हें उरलेलें अर्धें. सार्वजनिक संगणकावरून उठतांना ‘लॉगआउट’ करणारा गृहस्थही आपल्यापुरतें तेंच कर्तव्य बजावीत असतो.