गोळीची लांबी आणि नळीचा पीळ

रायफलच्या नळीला आंतून पीळदार खांचा असतात. त्यांच्यामुळें गोळी भोंवऱ्यासारखी गरगरत जाते आणि तिचें टोंक पुढेंच राहतें. हा पीळ किती असावा, याचा नियम इंग्रज गणिती आल्फ्रेड ग्रीनहिल यांनीं १८७९ सालीं बसविला: गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. नळीचें छिद्र तेंच ठेवून गोळी जड करावयाची, तर ती लांबच करावी लागते.

अमेरिकेंत १९५५ सालीं याचा प्रत्यय आला. विंचेस्टर आणि रेमिंग्टन या दोन्ही कारखान्यांनीं ६ मिलिमीटरचीं शिकारी काडतुसें काढलीं. विंचेस्टरच्या नळींत १० इंचांस एक फेरा होता, रेमिंग्टनच्या नळींत १२ इंचांस. रेमिंग्टननें हलक्या गोळ्या योजिल्या होत्या; हरणाच्या शिकाऱ्यांस १०० ग्रेनची गोळी हवी होती. सैल पिळांतून ती लांब गोळी स्थिर राहील, असा भरंवसा नव्हता. गोळी डळमळली कीं नेम चुकतो, आणि जखमी जनावर रानांत तडफडत राहतें. गिऱ्हाईक विंचेस्टरकडे वळलें. अखेर १९६३ सालीं रेमिंग्टननें ९ इंचांचा पीळ पत्करून काडतुसास नवें नांव दिलें.

म्हणून जुन्या रायफलीचा पीळ आधीं पाहावा, गोळी मागाहून निवडावी.