जुनी बोट आणि तिची मागची फळी



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सारे काही बोलून झाले आहे. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. जे शिकलो ते कामगारांच्या शेडीत शिकलो. तेव्हा आज एका जुन्या फायबरच्या मोटारबोटीविषयी बोलणार आहे. पुण्याचा आणि बोटीचा संबंध काय, असे काहींच्या मनात आले असेल. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, ते पाणी पाहिलेली माणसे अजून या शहरात आहेत. आणि 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. ते कळाशी आपल्याच जिल्ह्यातले. बुडायला समुद्रच लागतो असे नाही.

माझी बोट दुसरी. नदीकाठच्या एका गावात, कचेरीच्या मागे, ती उन्हापावसात पालथी पडली होती. सोळा फूट लांबीची, वय पंचवीसच्या आसपास. पुराच्या वेळी लागते म्हणून घेतलेली. मे महिन्यात कोणाला तरी तिची आठवण झाली आणि काम निघाले. कागदावर शब्द होता 'रंगरंगोटी'. ते काम आमच्या संघटनेतल्या दोन कारागिरांकडे आले. एरवी हे लोक टाक्या, गाड्यांचे पत्रे, असे फायबरचे काम करतात.

फायबर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. काचेच्या धाग्यांची चटई आणि तिला भिजवणारे रेझिन, म्हणजे एक प्रकारची राळ. ओढ काच सोसते, तिला जागच्या जागी धरण्याचे काम रेझिन करते, आणि वरचा तुकतुकीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो पाणी अडवतो. लाकडी होडी कुजते, फायबर कुजत नाही, अशी लोकांची समजूत आहे. ती अर्धीच खरी. कारण बोटीच्या मागच्या उभ्या भागाला, जिथे इंजिन टांगतात, तिथे ताकद यावी म्हणून दोन फायबरच्या पापुद्र्यांमध्ये जाड प्लायवूडची फळी घातलेली असते. इंजिनासाठी पाडलेल्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपते. बाहेरून बोट तशीच गुटगुटीत दिसते, आतले लाकूड मात्र भिजलेल्या पावासारखे होते.

आमच्या थोरल्या कारागिराने खिशातून रुपया काढला आणि त्या फळीवर टकटक करीत गेला. निकोप जागी खणखणीत आवाज, सडलेल्या जागी बद्द. कुंभाराचे मडके वाजवून घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही विद्या शिकवायला नको. मग बारीक ड्रिल लावले, तर भोकातून भुसा न येता तपकिरी पाणी आले. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "भोक बुजवा आणि रंग मारा." कारागीर म्हणाला, "साहेब, सत्तर-ऐंशी किलोचे इंजिन या फळीवर टांगणार. पुरात पूर्ण वेगाने चालवले आणि फळी फाटली, तर इंजिन तर जाईलच, वर मागून पाणी आत येईल. रंग मी मारणार नाही." मंडळी, मी पुष्कळ संप पाहिले. पण रोजावरच्या माणसाने, त्या दिवसाचा रोज बुडवून, न पाहिलेल्या प्रवाशांसाठी हात आखडता घेतलेला मी प्रथमच पाहिला. तीन दिवस काम थांबले. शेवटी फळी बदलायची असे ठरले, पैशाचे मागाहून पाहू या बोलीवर.

मग खरे काम. आतला पापुद्रा कापून काढला, सडके लाकूड छिन्नीने खरवडले आणि पत्र्याच्या शेडीत बोट कित्येक दिवस नुसती वाळू दिली. ओलीवर रेझिन धरत नाही, आणि इथेच घाई करणारे फसतात. तळाला जेलकोटवर फोड आले होते. ते फोडले तर आत आंबूस वासाचे पाणी. तेही घासून, धुऊन, वाळवले. नवी फळी बसवली, आणि कडा अशा लांब उतरत्या घासल्या की दर इंच जाडीला बारा इंच उतार. जोड अंगावर चढवलेल्या ठिगळासारखा नव्हे, तर दोन हातांची बोटे गुंफल्यासारखा व्हावा लागतो. मग चटईचा एकेक थर, आणि रोळा फिरवून प्रत्येक बुडबुडा बाहेर. राहिलेला बुडबुडा म्हणजे उद्याची भेग.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते. या रेझिनला जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना 'मनुष्यात बहुधा कर्करोग घडवणारा' या वर्गात केली. आमचे लोक तोंडाला रुमाल बांधून तो हुंगतात. रुमालाने थोडी धूळ अडते, वाफ अडत नाही. त्याला कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. रेझिन घट्ट करणारे हार्डनर डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. आणि तेच हार्डनर कोबाल्टच्या द्रावणात थेट मिसळले तर भडका उडतो. दोन्ही रेझिनमध्ये एकामागून एक घालायची असतात. मी एका शेडीत ही दोन्ही द्रव्ये थंड पेयांच्या बाटल्यांत, चिठ्ठीशिवाय, एकाच फळकुटावर शेजारी-शेजारी पाहिली आहेत. शेजारी तांब्या-भांडे होते. मालक वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि चार माणसांच्या शेडीत तपासनीस कशाला येतो!

या बोटीच्या कामाला मुखवटे आम्ही वर्गणीतून घेतले. धाकटा कारागीर पहिल्या दिवशी लाजला, म्हणाला, माकडासारखा दिसतो. संध्याकाळी घरी गेला तेव्हा डोके दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी मागून घेतला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात घातली. सहा जण बसवले, इंजिन पूर्ण सोडले, आणि थोरला कारागीर सगळा वेळ मागे तोंड करून फळीवर तळहात ठेवून बसला होता. तासाभराने बोट काठाला ओढली, तर आत ओंजळभर पाणी होते, आणि तेही चढताना आमच्याच पायांनी आलेले. बिलातली रंगाची रक्कम जुलैत मिळाली. फळीची अजून यायची आहे. अर्ज तिसऱ्यांदा दिला आहे.