स्वेटर घरीच धुऊ या



दिवाळी झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात थंडी उतरते, आणि वेचणीही त्याच दिवसांत असते. सकाळच्या दवात पऱ्हाटीत शिरायचं तर अंगात स्वेटर लागतोच. घरचं माणूस रात्रीची लाईन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जातं, तेव्हाही तोच. म्हणजे आपल्याकडे स्वेटर हौसेचा नाही, कामाचा. बिघडला तर दुसरा लगेच घेणं होत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईला तिच्या मुलानं पुण्याहून लोकरमिश्रित स्वेटर पाठवला. चिठ्ठीवर ‘ड्रायक्लीन’ लिहिलेलं. त्यासाठी यवतमाळला जायचं. एकदा टाकायला, एकदा आणायला. दोनदा एसटीचं भाडं, वर धुलाईचे पैसे, आणि दोन दिवसांची वेचणीची मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून तिनं घरीच धुतला. चांगला निघावा म्हणून कढत पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, दगडावर ब्रशनं खसाखसा घासला. वाळला तेव्हा सात वर्षांच्या नातवाच्या मापाचा झाला होता. आम्ही हसलो, ती हसली नाही.

चूक घरी धुण्याची नव्हती, पद्धतीची होती. लोकर म्हणजे मेंढीचे केस. त्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि घासणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटते, आणि मग ती पूर्ववत होत नाही. मिश्रणातल्या ॲक्रिलिकचं उलटं, ते उष्णतेनं सैल पडून लोंबतं. म्हणून अशा स्वेटरला दोन्हीकडून जपावं लागतं.

स्वेटरात काय आहे ते ओळखायचं तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर. वितळून कडक काळी गुठळी झाली तर ॲक्रिलिक. मिश्रणात दोन्ही दिसतं. चिठ्ठीवर टबचं चित्र असतं तेही बघा. टबात हात असेल तर हातानं धुता येतो. टबावर फुली असेल तर पाणी लावू नका. अस्तर लावलेला कोट किंवा ब्लेझर असेल तर तो मात्र दुकानातच द्या, तिथं पैसे वाचवू नका.

आता धुणं. आधी स्वेटर झटका, वेचणीतली काडी-पत्ती काढून टाका. ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतली शिवण दाबून बघा, रंग लागला तर तो कपडा वेगळा धुवा. कोरडा असतानाच जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड आखून घ्या. हे काम फालतू वाटतं, पण पुढं तेच कामी येतं.

पाणी हाताला जेमतेम कोमट. साबणाची पावडर नको, त्यात क्षार असतो. ब्लीचिंग तर लोकर खाऊनच टाकतं. केसांना लावतो तो शॅम्पू चालतो, बादलीभर पाण्याला एक-दोन पुड्या. नाहीतर रिठा. आठ-दहा रिठ्यांची सालं रात्री भिजवा, सकाळी उकळून, गाळून, निववून वापरा. डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

स्वेटर उलटा करून पाण्यात बुडवा आणि तळव्यांनी दाबत राहा. चोळायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. दहा मिनिटं पुरे. खंगाळायचं पाणीही तेवढंच कोमट घ्या. गरमातून एकदम गारात टाकला तरी लोकर आटते. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटच्या बादलीत अर्ध्या लिंबाचा रस टाका, कपडा राठ होत नाही.

ओली लोकर खूप पाणी धरते आणि आपल्याच वजनानं लांबते. म्हणून खांद्याला धरून उचलू नका, दोन्ही हातांवर लहान बाळासारखा घ्या. कोरड्या धोतरात किंवा टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी त्यात उतरतं. मग बाजेवर जुनी चादर टाकून, कागदावरच्या आखणीच्या मापात हातानं सारखा करून सावलीत आडवा पसरा. कागद ओला करू नका, माप बघायला बाजूला ठेवा. दांडीवर टाकला तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, हेही आम्ही करून बसलो आहोत.

थंडी सरली की घामट स्वेटर तसाच पेटीत टाकू नका. घामाच्या आणि खरकट्याच्या डागांवरच कसर आधी लागते. धुऊन खडखडीत वाळवा, सुकलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून सोबत ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांचा वास बाळाला बाधतो.

काहींनी विचारलं, आटलेला परत मोठा होतो का? थोडाच आटला असेल तर कोमट पाण्यात शॅम्पू घालून अर्धा तास ठेवा आणि ओला असतानाच हळूहळू सर्व बाजूंनी ओढून आडवा वाळवा, बोटभर फरक पडतो. जाड फेल्टसारखा घट्ट झालेला सुटत नाही. त्या ताईचा तसाच झाला होता. आता नातू तो घालून शाळेत जातो, आणि यंदा मुलानं दुसरा पाठवला तेव्हा तिनं तो आमच्यासमोर बाजेवर वाळवला.